जनुक सापडलं, पण फुप्फुसात न्यायचं कसं?

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'आनुवंशिक फुप्फुसविकार आणि जनुकोपचार' असा छापलाय. तो वाचून काही जण घरीच थांबले असतील तर त्यांना दोष देणार नाही. जे आलात त्यांना आधीच सांगतो, तुमच्यापैकी अनेकांच्या दंडात २०२१ साली एक परकं जनुक शिरून गेलेलं आहे, आणि तेही आपल्या पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटच्या बाटलीतून.

कोव्हिशील्ड म्हणजे चिंपांझीचा एक अ‍ॅडिनोव्हायरस. सर्दी-पडशाच्या विषाणूंच्या कुळातला. त्याची वाढण्याची ताकद काढून घेतलेली आणि पोटात करोनाच्या काट्याचं जनुक भरलेलं. तो पेशींत शिरला, पेशींनी ते जनुक वाचून काट्याचं प्रथिन तयार केलं, आणि शरीर खवळलं. खवळावं म्हणूनच तर लस टोचायची. जनुकोपचारातही जनुक असंच आत न्यायचं असतं, पण शरीराला अजिबात खवळू द्यायचं नसतं. या एका अटीपायी संशोधकांची तीस वर्षं गेली. आज मी मुख्यतः त्याच तीस वर्षांबद्दल बोलणार आहे.

आजार कोणता घ्यायचा? सिस्टिक फायब्रोसिस घेऊ, कारण जनुकोपचाराची सर्वांत जास्त झटापट तिथे झाली. आपल्या श्वासनलिकांना आतून पाण्याचा एक पातळ थर असतो. त्यावर कफ तरंगतो आणि पेशींवरचे सूक्ष्म केस तो वर ढकलत राहतात. पेशीतून क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर सोडणारं एक दार असतं, सीएफटीआर नावाचं प्रथिन. मीठ बाहेर आलं की मागून पाणी येतं. दार बंद पडलं की थर सुकतो, कफ चिकट होतो आणि तिथे जिवाणू ठाण मांडतात. आधी स्टॅफिलोकॉकस, पुढे स्यूडोमोनस. सारखा खोकला, सारखी अँटिबायोटिक्स आणि हळूहळू निकामी होत जाणारं फुप्फुस. स्वादुपिंडाच्या नळ्याही तुंबतात, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, शौचाला तेलकट होतं.

घामाच्या नळीत हेच दार उलट्या दिशेनं काम करतं, घामातलं मीठ शरीरात परत घेतं. ते बंद पडलं की घाम खारट. लेकराचा मुका घेतला की ओठांना मीठ लागतं, हे युरोपातल्या आयांना डॉक्टरांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. १९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा ही मुलं गळून जाऊन रुग्णालयात येऊ लागली. पॉल दि सँट'अ‍ॅग्नीज या बालरोगतज्ज्ञांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९५३ मध्ये घामातल्या मिठाचं गणित मांडलं. घामाच्या तपासणीचा पाया तो. क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त भरलं की संशय पक्का होत जातो. दोष क्लोराइडच्या वाटेत आहे, हे १९८३ मध्ये घामाच्या नळ्यांवर दाखवणारे पॉल क्विंटन स्वतः याच आजाराचे रुग्ण.

हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असं आपल्याकडे बरीच वर्षं शिकवलं गेलं. न शोधलेली वस्तू सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. मूल सारखं खोकतं, वजन वाढत नाही, मग क्षयाची औषधं सुरू होतात. ती संपतात, खोकला राहतो. नंतर दमा, नंतर 'हवा बदललीय हो पुण्याची'. दुसरीकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात एखादं तान्हं मलूल होऊन येतं, रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड सगळं खाली. सलाइन लावून ते बरं होऊन घरी जातं आणि मीठ गेलं कुठे हे कोणी विचारत नाही. माझ्या मते आपल्याकडचा खरा पेच इथे आहे, जनुकोपचाराच्याही आधी.

१९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॉन रिऑर्डन यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावर हे जनुक शोधलं. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे डीएनएच्या मजकुरातली तीन अक्षरं गळलेली. त्यामुळे १४८० अमिनो आम्लांच्या साखळीतलं ५०८वं, फेनिलअ‍ॅलनीन, गायब होतं. प्रथिन बनतं, पण त्याची घडी चुकते, आणि पेशी आपला माल स्वतःच नापास करून मोडीत काढते. युरोपीय वंशाच्या बहुसंख्य रुग्णांत हा बदल असतो. भारतीय रुग्णांत त्याचं प्रमाण बरंच कमी. या जनुकात दोन हजारांहून जास्त बदल नोंदले गेले आहेत, त्यातले सगळे आजार करतातच असं नाही. म्हणून तिकडच्या नेहमीच्या बदलांसाठी बनवलेलं किट इथे निगेटिव्ह आलं, तर 'आजार नाही' असं म्हणता येत नाही. अख्खं जनुक वाचावं लागतं.

आजार व्हायला आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन बिघडलेल्या प्रती लागतात. सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणाऱ्या सासूबाईंनी हे लक्षात घ्यावं. दोघंही वाहक, म्हणजे एकच बिघडलेली प्रत बाळगणारे आणि स्वतः निरोगी, असतील तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता चारात एक. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. आणि आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची मानणारी घरं अजून आहेत. मुलगा वाहक असेल तर तेच बिघडलेलं जनुक त्या मामेबहिणीकडेही असण्याची शक्यता साधारण आठात एक.

औषधांचं थोडक्यात सांगतो. २०१२ मध्ये आयव्हाकॅफ्टर आलं, जागेवर असून न उघडणारं दार उघडणारं. २०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांची एकत्र गोळी आली, घडी सुधारणारी आणि दारही उघडणारी. ज्यांना ती लागू पडते त्यांचं आयुष्य तिनं खरोखर पालटलं. तिची तिथली छापील किंमत मात्र वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात हा आजार आहे आणि मदतीची मर्यादा नंतर ५० लाखांपर्यंत वाढवली गेली. जन्मभर रोज घ्यायच्या गोळीसमोर ५० लाख किती दिवस पुरतील, हा हिशेब तुम्हीच करा. शिवाय ज्यांच्यात प्रथिन तयारच होत नाही, त्यांच्यापुढे ही गोळी हतबल आहे. त्यांना जनुकच द्यायला हवं.

१९९३ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या श्वासमार्गात अ‍ॅडिनोव्हायरसमधून जनुक सोडलं गेलं. म्हणजे कोव्हिशील्डच्याच जातकुळीचं वाहन. अपेक्षा प्रचंड होत्या. झालं असं की हा विषाणू पेशीत शिरताना ज्या कड्याला धरतो, ते कडं पेशीच्या वरच्या अंगाला नसतं, खालच्या अंगाला असतं. वरून सोडलेला विषाणू दारात ताटकळतो. डोस वाढवावा तर फुप्फुसाला सूज. दुसऱ्यांदा द्यावा तर पहिल्या वेळी तयार झालेल्या अँटिबॉडी वाटेतच गाठतात. १९९९ मध्ये यकृताच्या एका आजारावरच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा अ‍ॅडिनोव्हायरसच्या मोठ्या डोसनंतर दगावला, आणि सगळं क्षेत्रच हादरलं.

मग एएव्ही नावाचा शांत स्वभावाचा विषाणू घेतला. त्यात जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात. सीएफटीआरचा कामाचा मजकूरच ४,४४३ अक्षरांचा. एसटीत शेवटच्या सीटवर आपण कसेबसे बसतो आणि सामान टपावर जातं, तशी गत. जनुक सुरू करणारी कळ ठेवायला जागाच उरत नाही.

ब्रिटनच्या गटानं विषाणूच सोडला. जनुक असलेलं डीएनएचं वर्तुळ मेदाच्या थेंबात गुंडाळून दर महिन्याला नेब्युलायझरनं, वर्षभर. २०१५ मध्ये निकाल आला. शंभराहून जास्त रुग्ण, आणि फुंकरीच्या चाचणीत दोन गटांत ३.७ टक्क्यांचा फरक. तोही औषध न मिळालेले खालावले आणि मिळालेले टिकून राहिले म्हणून. वर्तमानपत्रांना यात बातमी दिसत नाही. मला दिसते. दर महिन्याला नव्यानं दिलं तरी शरीरानं ते झिडकारलं नाही, हे तिथे पहिल्यांदा नीट दिसलं.

फुप्फुस एवढं छळतं का? कारण त्याचं कामच बाहेरून आलेलं हाकलणं हे आहे. कफ, केस, भक्षक पेशी, सगळी तटबंदी. त्यात या रुग्णांचा कफ आधीच जाड. वरच्या पेशी काही आठवडे-महिन्यांत झडतात, त्यांच्याबरोबर दिलेलं जनुकही जातं. कायमचं काम करायचं तर तळाच्या मूळ पेशी गाठायला हव्यात. सिकलसेलचं पाहा, जो आपल्या नंदुरबार-गडचिरोलीत घरोघरी माहीत आहे. तिथे मज्जेतल्या पेशी बाहेर काढून, दुरुस्त करून परत देता येतात. २०२३ मध्ये त्यावरच्या क्रिस्पर नावाच्या जनुक-कात्रीच्या उपचाराला मान्यताही मिळाली. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलियावर, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजारावर, पेशी बाहेर काढून परत देण्याच्या याच वाटेनं पाच रुग्णांवर काम झालं. फुप्फुस बाहेर काढून धुऊन परत बसवता येत नाही.

सध्या चालू असलेल्या वाटांपैकी दोन सांगतो. एक, लेंटिव्हायरसला, म्हणजे एचआयव्हीच्या कुळातल्या निर्धोक केलेल्या विषाणूला, दुसऱ्या विषाणूचं वेष्टण घालून श्वासावाटे देणं. दुसरी, आरएनए, म्हणजे जनुकाऐवजी प्रथिन बनवण्याचा तात्पुरता निरोपच पेशीला देणं. इथे पुन्हा पुणं येतं. देशातली पहिली एमआरएनए लस २०२२ मध्ये जेनोव्हा या पुण्याच्या कंपनीची मान्य झाली, तीही साध्या फ्रीजच्या तापमानाला राहणारी. लस आणि फुप्फुसाचं औषध यांत फार अंतर आहे, पण आरएनए बनवणारे हात गावात आहेत, हे काही थोडं नाही.

आणि एक गंमत. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या कमतरतेत फुप्फुस झिजतं, पण ते वाचवणारं प्रथिन बनतं यकृतात. दुरुस्तीचं साहित्य भरलेले मेदाचे थेंब शिरेतून दिले की आपोआप यकृताकडेच जातात. म्हणून तिथे एक चुकीचं अक्षर जागच्या जागी बदलण्याचे माणसांवरचे पहिले निकाल २०२५ मध्ये आले, आणि रक्तात निरोगी प्रथिन दिसलं. फुप्फुसाचा आजार, आणि फुप्फुसाला हातही लावला नाही!

चिठ्ठ्या आल्यात. पहिली, 'जनुकोपचार किती वर्षांत येईल?' १९८९ मध्ये लोकांनी वर्षं सांगितली होती. मी सांगणार नाही.

दुसरी चिठ्ठी, 'आमचं बाळ गेलं, पुढच्या वेळी आधी कळेल का?' कळू शकतं. बाळातले दोन्ही बदल माहीत असतील तर साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. माहीत नसतील तर आता तुमच्या दोघांच्या रक्तापासून सुरुवात करा. त्याआधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा आणि बाळाचे सगळे कागद बरोबर न्या. बाकीच्यांसाठीही सांगतो. असं मूल दवाखान्यात असतानाच त्याच्या रक्तातून डीएनए काढून जपून ठेवायला सांगावं. बहुतेक वेळा ते नातेवाइकांनाच सुचवावं लागतं, आणि तेव्हा घरातल्या कोणाचंही डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून शेजारपाजारच्या कोणीतरी ते लक्षात ठेवावं.