हुकमी पिचर कधी आणायचा?

नमस्कार श्रोतेहो.

हुकमी गोलंदाजाची दोन षटकं शेवटासाठी राखून ठेवणारा कप्तान आपल्या ओळखीचा आहे. तो गोलंदाज सहावं षटक टाकतो, सीमारेषेवर जाऊन उभा राहतो आणि अठराव्या षटकाला पुन्हा चेंडू हातात घेतो. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये ही सोय नाही. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, एकदा सामन्यातून काढलं की त्या दिवशी तो परत येत नाही. म्हणून सुरुवातीचा पिचर दमला की रिलीफला, म्हणजे त्याच्या जागी, कोणाला आणायचं, ही मॅनेजरची खरी परीक्षा. संगणकावरच्या बेसबॉलमध्ये तर समोरचा मॅनेजर म्हणजे एक प्रोग्रॅम. तो ही निवड कशी करतो, या प्रश्नानं मला कित्येक दिवस पछाडलं आहे.

बाल्टिमोर ओरिओल्स या संघाला 1970 मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथलं अजिंक्यपद, जिंकून देणारे मॅनेजर अर्ल वीव्हर कार्डांवर नोंदी ठेवायचे : कोणता बॅटर कोणत्या पिचरसमोर कसा खेळतो. 1987 मध्ये त्यांच्या नावाचा संगणकखेळ आला, तेव्हा तो बनवणाऱ्यांनी वीव्हर यांच्याशी बोलून त्यांची विचार करण्याची पद्धत प्रोग्रॅममध्ये उतरवली. मला हे फार मोलाचं वाटतं. यंत्राला आकडे कोणीही देईल, मॅनेजरची नजर द्यायला मॅनेजरच हवा.

असा प्रोग्रॅम प्रत्येक नव्या बॅटरआधी हिशेब मांडतो. पिचरने किती चेंडू टाकले? समोरचा बॅटर डावखुरा आहे का? असेल तर बहुधा डावखुरा पिचर बरा. बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर हात मोकळा करतात तिथे, ताजातवाना कोण आहे आणि काल कोण घाम गाळून आलाय? 2020 पासून खऱ्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल स्पर्धेत, नव्या पिचरने किमान तीन बॅटरना तोंड द्यायचं किंवा ती इनिंग संपवायची, असा नियम आला. त्यामुळे एका डावखुऱ्यापुरता पिचर आणायची जुनी युक्ती प्रोग्रॅमलाही सोडावी लागली.

एवढं जमतं. अडतं ते क्लोजरपाशी. क्लोजर म्हणजे संघाचा सर्वांत भरवशाचा रिलीफ पिचर. जिंकत आलेला सामना शेवटपर्यंत सांभाळला की पिचरच्या नावावर ‘सेव्ह’ लागतो. 1969 मध्ये ही अधिकृत नोंद झाली आणि हळूहळू क्लोजर म्हणजे नववी, एरवी शेवटची, इनिंग, आघाडी एक ते तीन रनची, असं समीकरणच बसलं. पण सामना दरवेळी नवव्या इनिंगलाच फिरतो असं थोडंच आहे!

4 ऑक्टोबर 2016, टोरोंटो. हरेल तो घरी, असा सामना. ओरिओल्सचा क्लोजर झॅक ब्रिटन त्या वर्षी सेव्हच्या 47 संधींपैकी 47 जिंकून आला होता. सामना 2-2 वर अडलेला, बरोबरीमुळे लांबलेली अकरावी इनिंग. पाहुण्या ओरिओल्सचे मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी आघाडी मिळेल या आशेनं ब्रिटनला राखून ठेवलं. आघाडी आलीच नाही. उबाल्डो हिमेनेसच्या चेंडूवर टोरोंटोच्या एडविन एन्कार्नासिऑनने तीन रनचा होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला आणि ओरिओल्सचं वर्ष संपलं. ब्रिटनला एकही चेंडू टाकायला मिळाला नाही.

संगणकाला हीच सवय शिकवली तर तो हीच चूक निमूटपणे, दर रात्री करेल. माझ्या खेळात तसंच झालं. सातवी इनिंग, मी एका रनने मागे, तिन्ही बेस भरलेले, एक बाद. संगणकाने काल तीस चेंडू टाकून थकलेला पिचर आणला. माझ्या बॅटरने डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारा फटका, मारला, दोन रन आले. समोरचा क्लोजर सामना संपेपर्यंत बाकावर बसून होता.

जिंकूनही मला चैन पडेना. समोरच्या मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘क्लोजर फक्त नवव्या इनिंगला’ अशी अट होती. ती काढली आणि जतन करून ठेवलेला तोच क्षण पुन्हा खेळलो. या वेळी क्लोजर सातव्यातच आला, माझे पुढचे दोन्ही बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू हुकवून बाद, झाले आणि तीन बाद होऊन इनिंग संपली. आठवीही त्यानेच टाकली आणि मी हरलो.

दुसऱ्या दिवशी त्याच संघाशी पुन्हा गाठ. नववी इनिंग, एका रनचा फरक. क्लोजरच्या नावापुढे दमल्याची लाल खूण होती आणि संगणक बुलपेनमध्ये दुसरा कोणीतरी शोधत होता.