बेड वर अडलाय

(दृश्य: दुपारचा दीड. सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी. १०८ची गाडी दाराशी लागते.)

"मामा, ट्रॉली आणा!"

दारातल्या टेबलावर सिस्टर नाडी बघतात, रक्तदाब घेतात, दोन प्रश्न विचारतात आणि ठरवतात: लाल (लगेच बघायचा), पिवळा (थोडं थांबू शकतो) की हिरवा (बराच वेळ थांबू शकतो). हे ट्रायाज. शब्द फ्रेंच आहे, अर्थ निवडणं. नेपोलियनच्या फौजेतला सर्जन लॅरी जखमीचा हुद्दा न बघता जखम बघायचा, तीच ही रीत.

बोट कापलेला तरुण कुरकुरतो, "मी आधी आलोय." खरंय. पण इथली रांग रेशनच्या दुकानासारखी नसते. छातीत कळ येऊन घामाघूम झालेले काका मागून येऊन पुढे जातात, कारण त्यांचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा. केसपेपर नातेवाईक नंतर काढतील. अपघाताची केस असली तरी पोलिसांच्या सोपस्कारांसाठी उपचार थांबवायचे नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय.

(दृश्य: आतला कोपरा. ट्रॉलीवर एक आजी, हाताला सलाईन.)

गर्दी दाराशी दिसते म्हणून सगळे दाराकडेच बोट दाखवतात. या आजींकडे बघा. तपासून झालं, ॲडमिशन लिहून झाली, त्यालाही तीन तास होत आले. वर वॉर्डात बेड नाही. म्हणजे आहे, पण त्यावरच्या पेशंटला सकाळच्या राऊंडला "घरी जा" म्हटलंय आणि डिस्चार्ज कार्ड अजून लिहिलेलं नाही. तो पिशवी भरून बसलाय.

अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये या गर्दीचं गणित सिद्ध केलं. तासाला दहा पेशंट आले आणि प्रत्येक जण सरासरी चार तास थांबला, तर आत चाळीस जण असतात. मुक्काम सहा तासांचा झाला की साठ. दारातून एकही माणूस जास्त आलेला नसतो!

इंग्लंडने २००४ मध्ये चार तासांचं घड्याळच लावलं: आलेला पेशंट चार तासांत कॅज्युअल्टीतून वॉर्डात किंवा घरी गेला पाहिजे. थांबणं घटलं, पण चौथा तास संपता संपता पेशंट हलवायची घाईही दिसू लागली. घड्याळ खाली लावलेलं, बेड वर.

म्हणून राऊंडला आधी घरी जाणारे पेशंट बघायचे आणि कार्ड तिथेच, उभ्या उभ्या लिहायचं. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. लिहिणारा हात मात्र मोकळा हवा, आणि बिचारा इंटर्न त्याच वेळी रक्ताचे नमुने घेऊन लॅबकडे पळत असतो.

(दृश्य: पावणेतीन. वॉर्डातून फोन.)

"सिस्टर, पाठवा आजींना."

ट्रॉली निघते. दोनपैकी एकच लिफ्ट चालू आहे.