फॉर्म गेला की मन उडालं?

मित्रहो, डिस्क गोल्फ म्हणजे कमीत कमी फेकींत डिस्क साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ. तो खेळणारे मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात तो प्रश्न असा: "काही जमेनासं झालंय. सराव वाढवू का?" मी उलट विचारतो, "खेळायला जावंसं वाटतं का?" उत्तर लगेच आलं, तर पुढचं सोपं असतं. समोरचा गप्प झाला, तर मात्र मी सरावाचा विषय काढत नाही.

कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्म जातो तेव्हा हात चुकत असतो, पण ओढ तशीच असते. मन उडतं तेव्हा हात कदाचित ठीक असतो, पण बॅग उचलावीशीच वाटत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणजे बिघडलेला स्कोअर. उपाय मात्र उलटे आहेत. थकलेल्या माणसाला आणखी दोनशे 'पट' (बास्केटजवळून टाकायच्या फेकी) टाकायला लावणं म्हणजे त्याची उरलीसुरली ओढही संपवणं. मी स्वतःवर हे केलंय, म्हणून इतकं ठासून सांगतो.

आधी फॉर्मबद्दल. डिस्क लांब जाईना की आपण जोर वाढवतो. जोराच्या नादात डिस्कचं नाक वर उचललं जातं, ती हवेत चढते, वेग गमावते आणि एका बाजूला वळून लवकर पडते. मग आपण आणखी जोर लावतो, नाहीतर नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, घेतो. वेगवान ड्रायव्हर चूक झाकतो. तिरकी सुटलेली डिस्कसुद्धा कधीकधी बरी जाते, आणि नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही. म्हणून अशा दिवसांत मोकळ्या मैदानावर फक्त पटर, म्हणजे जवळच्या फेकीची हळू जाणारी डिस्क, घेऊन जा. निम्म्या जोराने, सपाट फेका. मनगटात खोट असेल तर पटर लगेच थरथरतो.

पटिंगचं तसंच. 10 मीटरच्या आत पट टाकल्यावर तोल सावरल्याचं दाखवल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, हा नियम आपल्याला माहीत आहे. घाबरलेला खेळाडू हा नियम कसाबसा पाळतो आणि डिस्क सुटायच्या आतच मनाने बास्केटपाशी पोहोचतो. सरावात चार मीटरवर उभे राहा, टाका, आणि साखळ्यांचा आवाज थांबेपर्यंत तिथेच राहा. चार मीटर हे अंतर कमीपणाचं नाही. हाताला पुन्हा विश्वास तिथेच मिळतो.

आणि रेटिंग रोज बघू नका. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेचं रेटिंग साधारण वर्षभराच्या फेऱ्यांवर निघतं, त्यात अलीकडच्या एक चतुर्थांश फेऱ्यांना दुप्पट वजन असतं. म्हणजे वाईट महिना त्यात ठळक दिसणारच. तो महिना म्हणजे तुम्ही नव्हे.

2021 च्या जागतिक स्पर्धेत, अमेरिकेतल्या ऑग्डेनला, शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅडने 247 फुटांवरून डिस्क थेट बास्केटमध्ये टाकली, पॉल मॅकबेथशी बरोबरी साधली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, त्याला हरवलं. हातातोंडाशी आलेलं विजेतेपद असं जाणं किती जिव्हारी लागलं असेल! पुढच्याच वर्षी एम्पोरियात तोच मॅकबेथ पुन्हा प्लेऑफला उभा राहिला आणि सहाव्यांदा जगज्जेता झाला. त्या वर्षभरात त्याच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही. पण एका फेकीने घेतलेलं सगळं कायमचं जात नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता मन उडण्याबद्दल. 'बर्नआउट' हा शब्द मानसशास्त्रात रूढ झाला तो 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या लेखापासून, आणि तो होता कामाच्या ठिकाणच्या थकव्याबद्दल. खेळाडूंतही तो दिसतो, त्याची तीन रूपं: शीण, आपल्या हातून काही होत नाही ही भावना, आणि खेळाबद्दलच आलेली अनास्था. तिसरं सगळ्यात गंभीर. मित्राने सुरेख पट टाकला आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही, तर थांबा. पट चुकल्याच्या रागापेक्षा ही शांतता वाईट.

थांबा म्हणजे खरंच थांबा. स्पर्धेचे व्हिडिओ नाहीत, घरात बास्केटसमोर उभं राहणं नाही. किती दिवस, हे आधी ठरवू नका, नाहीतर विश्रांतीसुद्धा वेळापत्रक होऊन बसते. झोप, भूक, इतर कामंही बिघडली असतील तर डॉक्टरांना भेटा. तो खेळाचा प्रश्न राहिलेला नसतो.

माझं स्वतःचं मन उडालं होतं तेव्हा माझी बॅग सात आठवडे कपाटात होती. एका सकाळी वारा सुटला आणि मनात आलं, या वाऱ्यात मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची डिस्क, कशी जाईल? तीन डिस्क घेतल्या, स्कोअरकार्ड घेतलं नाही. सहाव्या होलवर डिस्क झाडात अडकली. ती काढायला अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात मी कितव्या फेकीवर आहे हे पार विसरलो होतो.