कोळशाच्या आतला साग

वास अजून गेलेला नाही. आगीला वीस दिवस झाले, तरी दार लोटलं की जळक्या लाकडाचा कडवट भपका नाकात शिरतो. वर कवेलू नाहीत, वासे नाहीत. थेट चैत्राचं आभाळ.

मेळघाटाच्या पायथ्याचं हे गाव, आणि बारा सागवानी खांबांवर उभं असलेलं हे चर्च. मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची चाल जुनी आहे. वनखातं दरवर्षी जाळरेषा काढतं, पण वारा सुटला की ठिणगी रेषा ओलांडते. इथं ती कवेलूंच्या फटीतून आत गेली. आत वाळला पाला आणि चिमण्यांची घरटी. आणखी काय हवं?

बंब तालुक्याहून यायचा होता. तोवर माणसं कपाशीवर फवारायचे पाठीवरचे पंप भरभरून आली. एका पंपात पंधरा-सोळा लिटर पाणी. हसू येईल, पण वेदीची बाजू वाचली ती याच पाण्यानं.

आता हा खांब बघा. काळा ठिक्कर, उन्हाळ्यात भेगाळलेल्या कपाशीच्या रानासारखा. सुतारकाका वाकसानं कोळसा तासतात. एक पापुद्रा, दुसरा, तिसरा... आणि आतून सोनेरी लाकूड निघतं, तेलकट वासासकट.

"वरतून कोयसा झाला जी, अंदर लाकूड जसंच्या तसं हाये."

जाड सागवान मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर जळतं. वर साचलेला कोळसाच आतल्या लाकडाला आचेपासून राखतो. अर्ध्या तासात दीड सेंटीमीटर गेलं, तरी वीतभर जाडीच्या खांबाचं पोट शाबूत. वासे बारीक, ते टिकले नाहीत. मागच्या पडवीला नंतर लावलेले लोखंडी अँगल मात्र पार वाकले. ६०० अंशांच्या आसपास लोखंडाची निम्मी ताकद जाते. 'लाकडी होतं म्हणून गेलं' म्हणत स्लॅबचा हिशेब मांडणाऱ्यांना इथं आणून उभं करावंसं वाटतं.

नॉर्वेतलं फान्टॉफ्टचं लाकडी चर्च १९९२ साली जळालं, तेव्हा ते पुन्हा नव्यानं उभारावं लागलं. इथं तेवढी वेळ आलेली नाही.

पाळकबाईंना घोर आहे तो पावसाचा. मृग लागायच्या आत वर कवेलू चढायला हवेत. तोवर उपासना चिंचेखाली, ताडपत्रीवर.

सुतारकाका एकेका खांबावर हातोडी मारून कान देतात. खणखणीत आवाज आला की खडूनं गोल. नऊ गोल झाले, दोन फुल्या.

बारावा खांब दाराजवळचा. त्याला झळही लागलेली नाही, वार्निश अजून चमकतंय. त्याचं बूड मागं कधीतरी सिमेंटनं लिंपलेलं. काका तिथं पटाशी टेकवतात. ती मुठीपर्यंत आत जाते. बाहेर येतो तो ओला, काळपट भुसा.

"ह्याले आगीनं नाई खाल्लं. सिमेंटनं खाल्लं."

आणि खडूची तिसरी फुली.