प्रश्न खाटेजवळचा

श्रोतेहो, नमस्कार.

नर्सिंग, वैद्यक, फिजिओथेरपी, औषधनिर्माणशास्त्र अशा शाखांमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी एक प्रकल्प स्वतंत्रपणे करावा लागतो. विषय स्वतः निवडायचा, काम स्वतः करायचं, मार्गदर्शक वाट दाखवायला. त्यांतल्या एकाच प्रकारच्या प्रकल्पांबद्दल आज बोलणार आहे. त्यांतून नवं औषध निघत नाही, नवं यंत्र निघत नाही, पण वॉर्डातली रोजची रीत सुधारते. रोजची रीत, हे दोन शब्द कानात राहू द्या.

रीत म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. रुग्णालयात राहून आलेलं माणूस प्रत्येक घरात असतं. बेल खाटेवरून हाताला लागते का, रात्रपाळीची नर्स सकाळी जाताना रुग्णाबद्दल काय सांगून जाते, घरी सोडताना गोळ्यांचा कागद कोण समजावून देतं. चुका इथेच होतात आणि विद्यार्थ्याला कामही इथेच आहे.

आता माझी सगळ्यात आवडती हकीकत. व्हर्जिनिया ॲपगार या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भूलतज्ज्ञ होत्या. खरं तर त्यांना सर्जन व्हायचं होतं, प्रशिक्षणही सुरू झालं होतं, पण वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळायला सुचवलं. त्या वळल्या, आणि 1949 मध्ये तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापकपद मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. प्रसूतिगृहात त्यांचा बराच वेळ जायचा. त्या काळात बाळ जन्मलं की लक्ष आईकडे जायचं. बाळ निळसर, मलूल दिसलं तर त्याचं काही खरं नाही, असं बऱ्याचदा धरून चालत.

असं सांगतात, की एके सकाळी रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये न्याहारी चालली होती. एका विद्यार्थ्याने ॲपगारबाईंना विचारलं, नुकतं जन्मलेलं बाळ कसं आहे हे नेमकं ठरवायचं कसं? बाई म्हणाल्या, सोपं आहे. हाताशी एक कागद होता, त्यावर त्यांनी पाच गोष्टी लिहिल्या आणि त्या करून बघायला थेट प्रसूतिगृहात गेल्या.

पाच गोष्टी कोणत्या? हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, नाकातोंडाशी काही लागलं की बाळ तोंड वाकडं करतं किंवा शिंकतं का, आणि अंगाचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके मिनिटाला 100 च्या वर असतील तर दोन, त्याहून कमी असतील तर एक, ठोकेच नसतील तर शून्य. पाचांची बेरीज जास्तीत जास्त 10. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाने हे बघायचं. पुढे पाचव्या मिनिटाला पुन्हा बघण्याची पद्धत पडली. एका मिनिटाला गुण कमी, बाळाला श्वासासाठी मदत केली, पाचव्या मिनिटाला गुण वाढले! आपण केलं त्याने फरक पडला की नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसू लागलं. 1952 मध्ये बाईंनी ही पद्धत परिषदेत मांडली, 1953 मध्ये ती छापून आली, आणि आज जगभरातल्या प्रसूतिगृहांत हे गुण लिहिले जातात.

त्यांचा आणखी एक आग्रह मला फार मोलाचा वाटतो. ज्याने प्रसूती केली त्याने गुण देऊ नयेत, दुसऱ्याने द्यावेत. कारण आपल्या हातून झालेलं काम आपल्याला चांगलंच दिसतं.

आणि हो, मिनिट मोजायचं तर घड्याळ हवं. माझं तर ठाम मत आहे, की प्रत्येक वॉर्डात पडल्या पडल्या दिसेल असं मोठं घड्याळ असलंच पाहिजे. वयस्कर रुग्णांना दिवस की रात्र ते कळेनासं होतं, त्यांचा गोंधळ वाढतो. भिंतीवर सूचनांच्या पाट्या दहा असतात, घड्याळ नसतं. असो.

तर प्रश्न एका विद्यार्थ्याचा होता. रुळलेल्या माणसांना रीत दिसेनाशी होते, नव्याला दिसते. म्हणून विद्यार्थ्याचा प्रकल्प खाटेजवळून सुरू व्हावा. आधी मोजा, मग बदला, मग पुन्हा मोजा. समजा, रात्री रुग्ण पडतात. आधी महिनाभर नोंद करा, कुठल्या वेळी, कुठे जाताना. समजा, बहुतेक जण शौचालयाकडे जाताना पडतात. मग झोपण्याआधी प्रत्येकाला विचारून नेऊन आणायचं, एवढाच बदल एका वॉर्डात करा. पुन्हा मोजा. उपयोग झाला तर वाढवा, नाही झाला तर दुसरं काही करून बघा. योजना, कृती, तपासणी, सुधारणा हे चक्र कारखान्यांतल्या गुणवत्तेच्या कामातून आलं आहे. रुग्णांची माहिती वापरायची तर नैतिक समितीला आधी विचारायचं, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असतंच.

प्रबंधाच्या जाडीवरून काम जोखू नये, असं मला मनापासून वाटतं. वॉर्डात भिंतीला लावता येईल असा एक पानाचा तक्ता हे मोठं काम आहे, आणि त्याला गुणही तसेच द्यावेत.

खरी अडचण पुढे येते. विद्यार्थी पदवी घेऊन जातो आणि त्याच्यामागे तक्ता भरायचा थांबतो. कुणी मुद्दाम थांबवत नाही, ते काम कुणाच्या नावावरच नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून वॉर्डातली एक सिस्टर प्रकल्पात बरोबरीने हवी, अहवालावर तिचंही नाव हवं, आणि विद्यार्थी गेल्यावर नोंदी कोण ठेवणार हे अहवालातच लिहिलेलं हवं. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तोच प्रकल्प पुढे नेता यावा. विषय नवीन नाही म्हणून विभागाने तो परत पाठवू नये. मागच्या वर्षीची सुधारणा अजून टिकून आहे का, हे मोजणं हाही पूर्ण मोलाचा प्रकल्प मानावा.

नमस्कार.