पानं कुरतडलेली असू द्या

नमस्कार श्रोतेहो. बागेत पक्षी यावेत म्हणून आपण पाण्याचं भांडं ठेवतो, दाणे टांगतो. ठेवा की! पण दाण्यांवर मोठे पक्षी जगतात, पिल्लं नाही. एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना भरवते ते किडे आणि अळ्याच. अळी मऊ, पिल्लाच्या घशाखाली सहज उतरणारी, आणि प्रथिनं, चरबी दोन्ही देणारी.

उत्तर अमेरिकेत कॅरोलायना चिकडी नावाचा चिमुकला पक्षी आहे. वजन जेमतेम १० ग्रॅम. त्याच्या एका विणीची पिल्लं उडायला लागेपर्यंत ६ ते ९ हजार अळ्या लागतात. नर आणि मादी दिवसभर चोचीत अळी धरून घरट्यात येतात, ती भरवतात की लगेच पुढचीच्या शोधात. हे सगळं खाणं घरट्याच्या जवळपासच मिळायला हवं. लांबून आणणं त्या जिवांना परवडत नाही.

आता या अळ्या पोसायच्या कुणी? झाडांनी. झाडंही काही खुशीनं पानं खाऊ देत नाहीत. पानात कडू, विषारी रसायनं साठवतात. ती पचवायचं तंत्र त्या-त्या मुलखातल्या किड्यांना लाखो वर्षांत साधलं, तेही ठरावीक झाडांपुरतं. दूरदेशीचं झाड त्यांना खाताच येत नाही. रोपवाटिकेत ‘याला कीड लागत नाही’ म्हणून कौतुकानं हातात ठेवलेलं रोप पिल्लांसाठी रिकामं ताटच.

वॉशिंग्टन शहराभोवतीच्या घरबागांमधल्या चिकडींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. बागेतली देशी झाडोऱ्याची हिरवाई ७० टक्क्यांखाली गेली, की तिथं चिकडींची संख्या टिकत नाही, असं त्यात दिसलं. उरलेल्या ३० टक्क्यांत तुमचा हौसेचा विदेशी गुलाब बसतो, तो उपटायला कुणी सांगत नाही!

शोभेच्या लाल फळांना मात्र भुलू नका. नंदिना या झुडपाच्या फळांत सायनाइड तयार होतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ती भरपेट खाऊन सीडर वॅक्सविंग पक्षी मेले होते.

तेव्हा झाड निवडताना आसपासच्या रानात आपसूक काय उगवतं ते आधी बघा. लावल्यावर पानांना भोकं पडली तर फवारणीचा पंप बाहेर काढू नका. आणि खाली पडलेला पाचोळा जाळू नका. कितीतरी अळ्या कोष करायला त्यातच उतरतात.