पाच फुटले, दोन गैरहजर

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीत काय, साताऱ्यात काय, पारावर चार माणसं बसली की एक प्रश्न हमखास निघतो. “अमुक नेता त्या पक्षात गेला. आता त्याचं पद राहतं का जातं?” याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. तो कोणत्या सभागृहात बसतो, एकटा गेला की गट घेऊन गेला, आणि राजीनामा देऊन गेला की न देता, यावर ते ठरतं.

सुरुवात सांगलीपासूनच करू. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत जागा 78. 2018 च्या निवडणुकीत भाजपनं 41 जिंकल्या, दोन अपक्ष सोबत आले, 43 झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये महापौर निवड लागली तेव्हा काँग्रेस आणि राष्ट्रवादीची मिळून 34 मतं होती. कागदावर नऊ मतांचं अंतर. निकाल लागला 39 विरुद्ध 36, आणि महापौर राष्ट्रवादीचा झाला. सत्ताधारी बाजूचे पाच जण फुटले होते, दोन गैरहजर होते.

हा हिशेब जरा सावकाश बघा. गैरहजर राहणारा स्वतःच्या बाजूचं एक मत कमी करतो. फुटणारा इथलं एक कमी करतो आणि तिकडं एक वाढवतो, म्हणजे अंतर दोननं हलतं. पाच दुणे दहा, अधिक दोन, झाले बारा. नऊ मतांनी पुढं असलेली बाजू तीन मतांनी मागं पडली. निवडीच्या आधी नगरसेवकांना सहलीला का नेतात, फोन का बंद ठेवायला लावतात, ते या आकड्यावरून कळतं.

मग अशा फुटलेल्यांचं काय होतं? त्यांच्यासाठी महाराष्ट्रात 1986 चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे. पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा लेखी आदेश, मोडून मतदान केलं, किंवा परवानगी न घेता गैरहजर राहिलं, तर सदस्यत्व जाऊ शकतं. मात्र पक्षानं 15 दिवसांत माफ केलं तर प्रकरण तिथंच मिटतं. नगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा निवाडा जिल्हाधिकारी करतात. महापालिकेचा विभागीय आयुक्त, म्हणजे सांगलीकरांना पुण्याला जावं लागतं.

अशी प्रकरणं बहुतेक वेळा कागदावर अडकतात. निकालानंतर पक्षानं गटनोंदणी करायची असते, गटनेता कोण ते लेखी कळवायचं असतं. नोंद एकाच्या नावावर आणि व्हीपवर सही दुसऱ्याची, असं झालं की वाद तिथंच सुरू होतो. दुसरी अडचण व्हीप पोचल्याच्या पुराव्याची. सदस्य सहलीला गेलेला, घराला कुलूप. म्हणून दारावर व्हीप चिकटवून पंचनामा करतात, वर्तमानपत्रात छापून आणतात. हे कागद ढिले राहिले, तर सगळ्या गावानं हात वर झालेला पाहिला असला तरी फुटलेला सदस्य सुटू शकतो. निष्ठेच्या भाषणांपेक्षा पक्षानं या कागदांकडे जास्त लक्ष द्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आमदार-खासदारांकडे येऊ. इथं कराडच्या यशवंतराव चव्हाणांची आठवण काढायलाच हवी. 1967 नंतर पक्षांतराची लाट आली, तेव्हा केंद्रीय गृहमंत्री म्हणून ते या प्रश्नावरच्या समितीचे अध्यक्ष होते. समितीनं तपासलेल्या 210 पक्षांतरितांपैकी 116 जणांना, त्यांनीच आणलेल्या सरकारांत मंत्रिपदं मिळाली होती. दुखणं नेमकं कुठं आहे, ते साताऱ्याच्या माणसानं 1969 मध्येच दाखवलं. पक्ष सोडणाऱ्याला काही काळ मंत्रिपद देऊ नका, अशी शिफारसही होती. पक्षांतरबंदीचा कायदा आला 1985 मध्ये, राज्यघटनेची दहावी अनुसूची म्हणून. आणि मंत्रिपदाची बंदी घटनेत यायला 2003 साल उजाडलं. मधल्या काळात, 1978 मध्ये, सांगलीच्या वसंतदादांचं सरकार शरद पवारांनी बाहेर पडून पाडलं. तेव्हा अडवायला कायदाच नव्हता.

1985 च्या कायद्यात एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर संरक्षण होतं. 2003 च्या दुरुस्तीनं ते काढलं. आता दोन तृतीयांश लागतात, आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीनीकरण असेल तरच. शिवसेनेचे 55 आमदार होते, म्हणून जून 2022 मध्ये 37 हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. पण पुढं वाद विलीनीकरणाचा राहिला नाही, खरा पक्ष कोणता यावर गेला. विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला 10 जानेवारी 2024 ला, म्हणजे दीड वर्षानं. पाच वर्षांच्या मुदतीत दीड वर्ष हा फार मोठा काळ आहे. असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली काढावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्येच म्हटलं होतं.

राजीनाम्याची वाट सरळ आहे, पण ती मतदारापुढून जाते. उदयनराजे भोसले 2019 मध्ये राष्ट्रवादीकडून साताऱ्याचे खासदार झाले, काही महिन्यांतच राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. ऑक्टोबरमधल्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी त्यांना हरवलं. 2024 मध्ये तेच उदयनराजे भाजपकडून तिथूनच निवडून आले. राजीनाम्याचा दुसरा उपयोग मिरजेपलीकडं कर्नाटकात दिसला. जुलै 2019 मध्ये सत्ताधारी आमदारांनी राजीनामे दिले, विश्वासदर्शक ठरावाला ते आलेच नाहीत, आणि सरकार 99 विरुद्ध 105 नं पडलं. विरोधकांकडे एकही नवा आमदार आला नव्हता.

आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट आहे, आणि बाहेरच्या माणसाच्या ती लवकर लक्षात येत नाही. साखर कारखाना, जिल्हा बँक, सोसायटी, ग्रामपंचायत या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत, पॅनेलवर होतात. तिथं पक्षांतरबंदी लागूच होत नाही. नेत्यानं सकाळी गळ्यातला पंचा बदलला, तरी संध्याकाळी कारखान्याच्या संचालकांच्या सभेत तोच अध्यक्ष म्हणून बसतो. ऊसतोडीची टोळी, सोसायटीचं कर्ज, बँकेतली शिफारस हे सगळं त्याच्याच गटाकडं राहतं. म्हणून पक्षप्रवेशाची बातमी ऐकली की व्यासपीठावर कोण होतं यापेक्षा, त्या नेत्याबरोबर सोसायट्यांचे किती चेअरमन गेले आणि किती मागं थांबले, ते आधी विचारा.